परदेशात डॉक्टरकी शिकून आलात, पण एमएमसीचा नंबर नाही: मुंबईत पुढे काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किरगिझस्तान, चीन, फिलिपिन्स, युक्रेन. इथून वैद्यकीय पदवी घेऊन मुंबई, ठाणे, नवी मुंबईत परत आलेल्या मुलामुलींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न आमच्याकडे वर्षभर येत असतात. आम्ही म्हणजे याच वाटेने आलेले आणि आता औषध कंपन्या, विमा, संशोधन अशा ठिकाणी पोटापाण्याला लागलेले काही जण. ही संस्था नाही, फी घेत नाही आणि नोकरी लावून देण्याचा धंदा तर नाहीच नाही. फोनवर तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

एफएमजीई अजून सुटलेली नाही. मी डॉक्टर आहे की नाही?

पदवी तुमची आहे, ती कोणी काढून घेत नाही. पण भारतात रुग्ण तपासायला, औषध लिहून द्यायला, सर्टिफिकेट द्यायला राज्य वैद्यक परिषदेची नोंदणी लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र वैद्यक परिषदेची, म्हणजे चिंचपोकळीला आर्थर रोड नाक्याजवळच्या एमएमसीची. परदेशी पदवीला त्या नोंदणीचं दार २००२ पासून स्क्रीनिंग टेस्टमधून, म्हणजेच एफएमजीईमधून उघडतं. प्रश्न ३००, दोन भागांत १५०-१५०, पास व्हायला १५० गुण आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. वर्षातून दोनदा होते. ऐकायला सोपी वाटते, पण बहुतेक सत्रांत बसलेल्यांपैकी पास होणारे निम्म्याच्याही बरेच खाली असतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिच्या जागी 'नेक्स्ट' ही नवी परीक्षा येणार अशी चर्चा २०१९ च्या कायद्यापासून आहे. ती आली की बघू, तिच्या नावावर आजचा अभ्यास पुढे ढकलू नका.

ओळखीच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचा आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून बोलावलंय. पगार रोख. करू का?

नको. बाकीची उत्तरं वरवर वाचलीत तरी चालेल, हे मात्र नीट वाचा.

हा प्रकार कसा चालतो ते आम्हाला माहीत आहे, कारण आमच्यातल्या काहींनी तो केलेला आहे. उपनगरातलं वीस-पंचवीस खाटांचं हॉस्पिटल. मोठे सर रात्री साडेनऊला घरी जातात. तुम्ही खाली मेडिकलच्या मागच्या खोलीत झोपता. ऑफर देताना शब्द असतो 'ऑब्झर्वर' किंवा 'ट्रेनी'. रात्री दोनला छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं की सिस्टर तुम्हालाच उठवते, आणि केसपेपरवर सही पडते दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाची. सकाळी सर फोनवर 'गुड जॉब' म्हणतात. काही बिघडलं तर तेच सर पोलिसांना सांगतात, हा मुलगा इथे फक्त बघायला येतो.

राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्याचा १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदा आहेच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बसत नाही: एक गुन्हा दाखल झाला की पुढे परीक्षा पास होऊनही नोंदणीच्या वेळी त्याचं उत्तर द्यावं लागणार. चार पैशांसाठी सहा वर्षांची पदवी गहाण टाकल्यासारखं आहे हे.

'हात चालू राहावा म्हणून करतो,' असं बरेच जण म्हणतात. हात चालू ठेवायचा असेल तर आधी परीक्षा पास करून अधिकृत इंटर्नशिप हाच रस्ता.

मग परीक्षेला किती वेळ द्यावा? घरचे म्हणतात, अजून एकदा दे.

'अजून एकदा' हे वाक्य फार महागात पडतं, कारण त्याला शेवट नसतो. परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नाही, हीच मेख आहे. दर जूनला आणि डिसेंबरला आशा नवी होते आणि मधले महिने क्लाससाठी दिल्लीच्या गौतमनगरात पेइंग गेस्टच्या खोलीत किंवा डोंबिवलीत आईच्या स्वयंपाकघराशेजारी निघून जातात.

आमचं मत असं. पहिला प्रयत्न पूर्ण वेळ, दुसरं काहीही न करता. निकाल आला की गुण बघा, नुसतं पास-नापास बघू नका. १३०-१४० च्या घरात असाल तर तुम्ही दारात आहात, पुढचं सत्र नक्की द्या. ९०-१०० वर दोनदा अडकला असाल तर अभ्यासाचे तास वाढवून भागणार नाही. बहुतेक वेळा पायाच कच्चा असतो: पहिली दोन वर्षं तिथल्या भाषेच्या गोंधळात गेलेली, वॉर्डात रुग्णाशी बोलता न आलेलं. अशांनी काम धरावं आणि कामाच्या जोडीने वर्षभराचा निवांत अभ्यास करून मग परत बसावं. नुसतं घरी बसून माणूस खचतो, आणि खचलेल्या माणसाच्या डोक्यात बायोकेमिस्ट्री शिरत नाही.

परीक्षा सोडायची असेल तर तारीख ठरवून सोडा. सोडलीही नाही आणि देतही नाही, ही अवस्था सगळ्यात वाईट.

परीक्षा पास झालो, पण इंटर्नशिप लागत नाहीये. तोवर काय करू?

मेडिकल कॉलेजांना त्यांच्या मंजूर इंटर्न जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच परदेशी पदवीधर घेता येतात, त्यामुळे रांग लागते. कोविडच्या किंवा युद्धाच्या काळात ज्यांचे वर्ग ऑनलाइन झाले, त्यांच्यातल्या काहींना एका वर्षाऐवजी दोन-तीन वर्षांची इंटर्नशिप सांगितली गेली. युक्रेनहून आलेल्यांना याचा चांगलाच फटका बसला. २६ फेब्रुवारी २०२२ ला बुखारेस्टहून पहिलं विमान मुंबईतच उतरलं होतं, विमानतळावर फुलं आणि कॅमेरे होते. पुढची फरफट कोणी दाखवली नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आयोगाचं म्हणणं स्पष्ट आहे की परदेशी पदवीधरांना स्टायपेंड इथल्या इंटर्नइतकाच द्यायचा आणि इंटर्नशिपसाठी फी घ्यायची नाही. कोणी 'सीट अॅडजस्ट करून देतो' म्हणून पैसे मागितले तर उठून या. आणि वाट बघण्याच्या काळात खाली लिहिलेली कामं करायला काहीच हरकत नाही. फक्त रुजू होताना एचआरला सांगा की इंटर्नशिप लागली की जाणार. लपवून मधेच सोडून गेलात तर तुमच्या मागून येणाऱ्या परदेशी पदवीधराची पंचाईत होते.

फार्माकोव्हिजिलन्सचं नाव सगळे घेतात. दिवसभर करतात काय?

औषध घेतल्यावर कोणाला काही त्रास झाला, तर त्याची नोंद, तपासणी आणि कळवणूक. भारताचा यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, पण मुंबईत नोकऱ्या निघतात त्या मुख्यतः जगभरातल्या कंपन्यांची ही कामं करणाऱ्या आयटी आणि संशोधन कंपन्यांत, आणि इथल्या औषध कंपन्यांत. सन गोरेगावला, सिप्ला लोअर परळला, ल्युपिन सांताक्रूझला, ग्लेनमार्क अंधेरीला. एवढी औषध मुख्यालयं असलेलं शहर देशात दुसरं सापडणं कठीण, आणि आपली मुलं मात्र त्यांच्यासमोरून लोकलने क्लासला जातात.

एक केस उदाहरण म्हणून घेऊ. परदेशातल्या एका नर्सची दोन ओळींची ईमेल येते: बाईंना अँटिबायोटिक सुरू केलं, तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ आणि ओठ सुजले, अॅडमिट केलं. तुम्ही आधी चार गोष्टी बघायच्या: ओळखता येईल असा रुग्ण आहे का, कळवणारा कोण, संशयित औषध कुठलं, आणि त्रास काय झाला. चारही असतील तर केस ग्राह्य. अॅडमिट करावं लागलं म्हणून गंभीर. म्हणजे घड्याळ सुरू झालं, सरकारी यंत्रणेकडे पंधरा दिवसांत जायला हवी. मग 'ओठ सुजले' याला मेड्रा नावाच्या शब्दसंग्रहातली बरोबर संज्ञा लावायची. इथेच तुमचं शिक्षण कामाला येतं. बीफार्म झालेला मुलगा 'लिप स्वेलिंग' लिहून पुढे जाईल. तुम्हाला अँजिओएडेमा सुचतो आणि श्वासाचा त्रास होता का हे विचारावंसं वाटतं. त्यानंतर नॅरेटिव्ह: वय, आजार, औषधाची तारीख, त्रासाची तारीख, औषध बंद केल्यावर काय झालं, हे सगळं सलग, कोरडं, एकही विशेषण न घालता लिहायचं. आणि शेवटी कार्यकारणभाव: औषधानेच झालं असण्याची शक्यता किती.

आता कडू भाग. सुरुवातीला तुम्हाला 'डॉक्टर' म्हणून वेगळा पगार मिळेल ही आशा ठेवू नका. फार्मसी झालेल्या बावीस वर्षांच्या मुलीशेजारी बसाल आणि कदाचित तीच तुमची टीम लीड असेल. 'मेडिकल रिव्ह्यूअर' हे पद खास डॉक्टरांचं. काही कंपन्या तिथे नोंदणी मागतात, काही नुसती पदवी. जाहिरात शब्दन् शब्द वाचा. एन्ट्रीचं काम हळूहळू संगणकच करू लागला आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून नजर रिव्ह्यू, क्वालिटी आणि सिग्नल डिटेक्शनवर (अनेक केसेसमधून औषधाचा नवा धोका हेरणं) ठेवा.

टीपीएमध्ये डॉक्टर लागतात म्हणे. ते कारकुनी काम नाही का?

थोडं आहे, पण त्यात रोज वैद्यक असतं. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यातला दुवा. कॅशलेसची विनंती आली की ती बघायला वैद्यकीय पदवीवाले बसवतात. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक झालेलेही बरेच असतात. २०२४ च्या मे महिन्यापासून विमा नियामकाने सांगितलंय की कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची मंजुरी तीन तासांत द्यायची. त्यामुळे टेबलावर घाई कायम.

एक नमुना: तापाचा रुग्ण, चार दिवस अॅडमिट, प्लेटलेट एक लाख चाळीस हजार, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, शिरेतून पॅरासिटामॉल. यात अॅडमिट करण्याची गरज होती का? उलट्या, रक्तदाब, पाणी किती गेलं याची नोंद आहे का? नसेल तर हॉस्पिटलला क्वेरी टाकायची. दिवसाला अशा ढिगाने फायली. पलीकडून नातेवाईक वैतागलेले, हॉस्पिटलचा बिलिंगवाला त्याहून वैतागलेला. ज्यांना लगेच 'नाही' म्हणता येत नाही त्यांना हे काम सोसत नाही. पण बिलं वाचायची नजर इथे तयार होते. पुढे हॉस्पिटलच्या विमा विभागात, विमा कंपनीच्या अंडररायटिंगमध्ये (विमा द्यायचा का, किती हप्त्यावर, हे ठरवणारा विभाग) किंवा फसवणूक तपासणाऱ्या टीममध्ये जाता येतं. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळेही दावे तपासण्याचं काम वाढलं आहे.

मेडिकल कोडिंगचं काय? ऐरोलीला बरीच ऑफिसं आहेत.

आहेत. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेली टिपणं वाचून निदानाला आणि उपचाराला ठरलेले कोड लावायचे, त्यावर तिकडे बिल निघतं. सीपीसी ही परीक्षा मान्यतेची: १०० प्रश्न, चार तास, कोडची पुस्तकं जवळ ठेवून. अॅनाटमी पक्की असली की बरीचशी सुटते. काम नेमून दिलेलं, शांत, घरून करण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी. संध्याकाळी अभ्यास करायचा असेल तर सोयीचं. पण आयुष्यभर हेच करायचं ठरवत असाल तर थोडं थांबा. साध्या चार्टांचं कोडिंग यंत्राकडे चाललं आहे. ऑडिटपर्यंत पोचलात तर टिकाल.

ट्रान्सक्रिप्शनचा, म्हणजे डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करण्याचा, क्लास लावू का, असंही विचारतात. लावू नका.

संशोधनात जायचंय. परळला कोणी उभं करेल का?

करेल. टाटा मेमोरियल, केईएम, त्याच आवारातली रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था, प्रजनन आरोग्याची आयसीएमआरची संस्था, हाफकिन: सगळं चालत जाण्याच्या अंतरात. खारघरला टाटाचं कॅन्सर संशोधन केंद्र, अॅक्ट्रेक. या ठिकाणी प्रकल्पापुरत्या जागा निघतात. 'प्रोजेक्ट असिस्टंट', 'रिसर्च कोऑर्डिनेटर', 'डेटा मॅनेजर' अशी नावं असतात. जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते, मुलाखत बऱ्याचदा थेट असते आणि करार वर्षाचा किंवा त्याहूनही कमी. 'मेडिकल ऑफिसर' किंवा 'सायंटिस्ट सी (मेडिकल)' असं लिहिलं असेल तर नोंदणी लागेल असं धरून चाला.

कोऑर्डिनेटरचं काम म्हणजे ट्रायलचा संसार सांभाळणं: संमतीपत्रं, व्हिजिटच्या तारखा, नमुने, एथिक्स कमिटीची पत्रं. २०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांची प्रत एकदा पूर्ण वाचून मुलाखतीला जा, शंभरातले नव्वद जात नाहीत. जीसीपीचं, म्हणजे ट्रायल नीट चालवण्याच्या नियमांचं, प्रशिक्षण अमेरिकेतल्या नायडा या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, प्रमाणपत्रासकट.

आणि मराठी येणं इथे मोठी जमेची बाजू. खानदेशातून, मराठवाड्यातून आलेल्या कॅन्सरच्या रुग्णाला संमतीपत्र समजावून सांगायला नीट मराठी बोलणारा, वैद्यक कळणारा माणूस शोधून सापडत नाही. मुलाखतीत हे सांगायला लाजू नका.

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) किंवा हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन करू का? पदवी चालेल का?

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिस्समध्ये, सार्वजनिक आरोग्य आणि हॉस्पिटल व्यवस्थापन दोन्ही आहे. शेजारीच लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था, तिथे जीवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्र. माटुंग्याच्या वेलिंगकरमध्ये हेल्थकेअर व्यवस्थापन. पवईला आयआयटीत डिजिटल हेल्थचं कोइता सेंटर. आकडेमोड आवडत असेल तर आमचं मत जीवसांख्यिकीच्या बाजूने. डॉक्टरकी आणि सांख्यिकी दोन्ही येणारी माणसं कमी आहेत.

पण पदवी चालेल का, हा खरा प्रश्न, आणि तो लोक प्रवेश परीक्षा दिल्यानंतर विचारतात. परदेशी पदवीला इथे समकक्षता लागते. भारतीय विद्यापीठ संघ वैद्यकीय पदव्यांना ती देत नाही, कारण तो विषय वैद्यक आयोगाचा. आयोग बघतो तो परवान्याच्या अंगाने. म्हणजे एफएमजीई न सुटलेला माणूस दोन खिडक्यांच्या मध्ये उभा. काही संस्था प्रवेश देतात, काही नाही, काही आधी देतात आणि कागद तपासताना अडवतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी संस्थेच्या अकॅडेमिक विभागाला ईमेल करा: अमुक देश, अमुक विद्यापीठ, इतक्या वर्षांची पदवी, एफएमजीई उत्तीर्ण नाही, मी पात्र आहे का? उत्तर लेखी घ्या. फोनवरचं 'हो हो, चालेल' कामाचं नाही. यूपीएससी, एमपीएससीचा विचार करणाऱ्यांनाही हीच सूचना.

शिकवण्याचं काम?

नीटच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. दादर, ठाणे, कल्याणचे क्लास चांगल्या शिक्षकासाठी टपलेले असतात. नर्सिंग आणि डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) संस्थांतही अॅनाटमी-फिजिऑलॉजी शिकवायला तासावर बोलावतात. शिकवता शिकवता स्वतःचा पाया पक्का होतो, हा फायदा वेगळाच. फक्त पालकांना 'आमचे डॉक्टर सर परदेशातून शिकून आलेत' अशी तुमची जाहिरात करून परदेशी कॉलेजांची एजंटगिरी करणाऱ्या क्लासपासून लांब राहा.

ऑनलाइन अॅपवर रुग्णांशी चॅट करायचं काम मिळतंय. ते तरी चालेल ना?

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ऑनलाइन सल्ला नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतो. पडद्याआड बसून लक्षणं विचारून औषध सुचवणं म्हणजे प्रॅक्टिसच. अॅपसाठी आरोग्यविषयक मजकूर लिहिणं, भाषांतर तपासणं, डेटा तपासून देणं, हे करा.

सीव्हीवर 'डॉ.' लिहू का? आणि माझ्या पदवीवर 'एमडी' आहे, तेच लिहू?

रशिया आणि आसपासच्या देशांतल्या पहिल्याच पदवीवर किंवा तिच्या इंग्रजी भाषांतरात बऱ्याचदा 'एमडी फिजिशियन' असतं. ते नुसतं 'एमडी' म्हणून लिहिलंत तर इथे पोस्ट ग्रॅज्युएट असा अर्थ निघतो, आणि तो निघावा म्हणूनच लिहिलंय असा संशयही. सरळ लिहा: एमडी फिजिशियन (पदवीपूर्व), विद्यापीठ, देश, वर्ष. खालच्या ओळीत: महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी नाही. ही ओळ लिहायला जिवावर येतं, ठाऊक आहे. पण एचआरने मुलाखतीच्या शेवटी विचारून काढण्यापेक्षा ती आधीच कागदावर असली की तुमची मान ताठ राहते. ज्यांना नोंदणी हवीच आहे ते बोलावणार नाहीत, तुमची खेपही वाचेल.

मधल्या वर्षांचं काय लिहायचं? 'परवाना परीक्षेची तयारी' असं लिहायचं. खोटा अनुभव नको. पार्श्वभूमी तपासणी करणारी कंपनी त्या नर्सिंग होमला फोन करते आणि तिकडे कोणी तुम्हाला ओळखत नाही.

कागदपत्रं कुठली लागतील?

पदवी, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका विषयवार तासांसकट, तिथल्या इंटर्नशिपचं पत्र, इंग्रजी भाषांतर, त्यावर त्या देशातलं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. रशिया, कझाकस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स अपॉस्टिल करारात आहेतच. चीनही नोव्हेंबर २०२३ पासून आला, पण भारत आणि चीन यांच्यात तो करार लागू नाही, म्हणून तिथल्या कागदांचं काय करायचं ते आधी दूतावासात विचारा. हे काम तिथे असतानाच करून घ्यावं. मागाहून इथे बसून एजंटकडून करून घेताना तो सांगेल तो भाव. पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के असलेली पानं स्कॅन करून ठेवा, जुना पासपोर्ट टाकून देऊ नका. विद्यापीठाच्या डीन ऑफिसचा चालू ईमेल मिळवून ठेवा. कंपन्या पदवीची खातरजमा थेट तिकडून करतात आणि तिकडून उत्तर यायला महिना-दीड महिना सहज लागतो. नोकरी हातची जाते ती बहुतेक वेळा या दिरंगाईत.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणारा कोर्स लावू का?

पैसे भरण्याआधी त्यांना विचारा, मागच्या बॅचमधल्या परदेशी पदवीधरांपैकी दोघांशी बोलायला मिळेल का. विषय बदलला तर समजा. बरंचसं सुरुवातीचं शिक्षण फुकट किंवा स्वस्तात मिळतं. औषध सुरक्षेवर स्वीडनच्या उप्साला मॉनिटरिंग सेंटरचे ऑनलाइन धडे आहेत, सरकारच्या स्वयम वर सांख्यिकीपासून आरोग्य व्यवस्थेपर्यंत अभ्यासक्रम आहेत. नोकरी लागल्यावर कंपनी स्वतःच्या पद्धतीने सगळं पुन्हा शिकवतेच.

मी वडील म्हणून लिहितोय. मुलगी तीन वर्षं परीक्षा देतेय. कर्ज आहे. आता ती कंपनीत जायचं म्हणते. सगळं वाया जाणार का?

काका, जाऊ द्या तिला. कर्ज पदवीसाठी काढलं होतं, पदवी मिळाली. तिला जे येतं ते औषध सुरक्षेत, संशोधनात रोज वापरलं जातं, आणि पुढे कधी परीक्षा द्यावीशी वाटली तर दार बंद नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना परीक्षेपेक्षा जास्त भीती वाटते ती लग्नात भेटणाऱ्या मंडळींची: 'काय मग, दवाखाना कधी काढतेस?' तुम्ही एकदा चारचौघांत म्हणालात की ती औषध कंपनीत आहे आणि चांगलं चाललंय, की निम्मं ओझं उतरतं. हे बाकी कोणी म्हणून उपयोग नाही, तुम्हीच म्हणायला हवं.

आणि तिच्या पहिल्या पगारावर हप्त्याचा हिशेब लगेच मांडू नका. बँकेत जाऊन मुदत वाढवून घेता येते का, ते तुम्ही बघा.

इथे जमत नाही तर कॅनडा किंवा इंग्लंडला जाऊ का?

परीक्षा चुकवायला म्हणून जाऊ नका, तिथेही परीक्षाच आहेत. इंग्लंडला प्लॅब, अमेरिकेला यूएसएमएलई, कॅनडाला एमसीसीक्यूई आणि त्यानंतर रेसिडेन्सीच्या जागेसाठी चुरस. कॅनडात नागरिकत्व किंवा पीआर (कायमचा रहिवास) नसेल तर रेसिडेन्सीचं दार जवळपास बंदच असतं, आणि असलं तरी परदेशात शिकलेल्यांसाठी जागा मोजक्या. म्हणून तर तिकडे स्थायिक झालेल्या हजारो डॉक्टरांना क्लिनिकल रिसर्च, हेल्थ इन्फॉर्मेटिक्स, सार्वजनिक आरोग्य अशा पर्यायी वाटा धराव्या लागतात आणि त्यासाठी मार्गदर्शनाचे कार्यक्रम चालतात. ब्रॅम्प्टनच्या तळघरात राहून तीच ट्रायल कोऑर्डिनेटरची नोकरी शोधणार असाल तर आधी परळमध्ये दोन वर्षांचा अनुभव घ्या. त्याच अनुभवावर तिकडे बोलावणं येण्याची शक्यता जास्त.

नोकरी करून एफएमजीई निघते का?

निघते, पण शिफ्ट बघून नोकरी घ्या. अमेरिकेच्या वेळेवर चालणारी रात्रपाळी, सकाळी सातला कॅबमधून घरी, दुपारी झोप: यात अभ्यास होत नाही, कोणी काहीही सांगो. दिवसपाळी, घरापासून तासाभराच्या आत, शनिवार-रविवार मोकळे, असं मिळालं तर थोडा पगार कमी घ्या. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांची बिनपगारी रजा मिळेल का, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारा. बरेच मॅनेजर हो म्हणतात. सही झाल्यावर विचारलं तर तेच मॅनेजर पॉलिसी दाखवतात.

तुम्हाला भेटायला येताना काय आणू?

सीव्हीची छापील प्रत, गुणपत्रिका, एफएमजीई दिली असेल तर सर्व प्रयत्नांचे गुण, आणि घरून निघताना किती वेळ लागला तो आकडा. शेवटचं गंमत म्हणून नाही. विरारची मुलगी आणि कळव्याचा मुलगा यांना एकच नोकरी सुचवता येत नाही. आईवडील सोबत आले तरी चालतील, फक्त पहिली पंधरा मिनिटं आम्ही तुमच्याशी एकट्याशी बोलू.